सतरा हजार बेटं आणि आमचे आठ दिवस

आजचा भाग पुण्यातून नाही, पिंगळीतून रेकॉर्ड करतोय. परभणीजवळचं आमचं गाव, नांदेडच्या लाइनवरचं. मध्येच रेल्वेचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या.

विषय आहे इंडोनेशिया. ऑफिसातल्या एका मित्रानं यादी पाठवली: बाली, नुसा पेनिदा, गिली, लोम्बोक, कोमोडो. एकटा असतो तर डोळे झाकून बुक केलं असतं. पण या वेळी आई आणि अण्णा सोबत आहेत. दोघांचा पहिला पासपोर्ट, पहिलं विमान. त्यात अण्णांची अट, "पेरणी-कोळपणी उरकू दे, अन् पोळ्याच्या आत परत यायचं." म्हणजे ऑगस्टमधले आठ दिवस. जाण्यायेण्यात दोन गेले, उरले सहा.

ऑगस्ट मात्र बरा निघाला. आपल्याकडं पाऊस असतो तेव्हा जावा-बालीत कोरडा मोसम असतो. त्यांचा पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. दिवाळीच्या सुट्टीत बालीला निघणाऱ्यांनी हे आधी बघून घ्या.

रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर लॅपटॉप उघडला. व्हिसाचा आकडा पाहून अण्णा ताठ बसले. "पाच लाख? अरे, तेवढ्यात जुना ट्रॅक्टर येतो!" अण्णा, पाच लाख रुपिया. आपले अडीच-तीन हजार रुपये. मग कुठं ते पुन्हा टेकून बसले.

आता बेटं. त्या देशात 17,000 हून जास्त आहेत, त्यामुळं निवडण्यापेक्षा गाळणंच जास्त. प्रत्येक नवीन बेट म्हणजे बॅगा भरा, बंदर गाठा, बोटीची वाट बघा. अर्धा दिवस सहज जातो. नुसा पेनिदाचा तो प्रसिद्ध कडा फोटोत भारी दिसतो, पण स्पीडबोट आणि वर उभ्या पायऱ्या. आईचे गुडघे बघता गेलं. गिलीवर मोटारगाड्याच नाहीत, मस्त जागा आहे, पण मित्रांसोबतची. लोम्बोकला लोक 3,726 मीटरचा रिंजानी चढायला जातात. आम्ही कशाला जायचं?

राहिलं कोमोडो. खरं सांगू? मला तेच बघायचं होतं. लहानपणापासून. पण फ्लोरेसपर्यंत आणखी एक विमान आणि मग दिवसभर बोट. गोदावरीतल्या होडीपलीकडं अण्णा कधी पाण्यात गेलेले नाहीत. एक्सेलमधली ती ओळ डिलीट करायला मला दोन दिवस लागले.

आणि जे बेट यादीतच नव्हतं ते आत आलं, जावा. योग्याकर्ता शहराजवळ प्रंबानन आहे, नवव्या शतकातलं. तिथलं शंकराचं मंदिर 47 मीटर उंच, आणि भिंतींवर रामायण कोरलेलं. आई माळकरी, तिचा चेहराच बदलला. बोरोबुदूरचा बौद्ध स्तूपही तिथून एका दिवसात होतो. जेवणाची काळजी होती, पण जावा हे टेम्पेचं घर. सोयाबीन आंबवून केलेली घट्ट वडी असते ती. फक्त चटणीत 'तेरासी' नको म्हणून आधीच सांगायचं, तो कोळंबीचा मसाला असतो.

तर तीन दिवस जावा, तीन दिवस बाली. मधे विमान, दीड तासाचं. बालीत उतरल्यावर घड्याळ एक तास पुढं करायचं आणि दीड लाख रुपियाचा पर्यटक कर भरायचा (हा आकडा अण्णांना अजून सांगितलेला नाही). तिथं उबुदला एकच हॉटेल, रोज बॅगा हलवणं नाही. जाता जाता एक, बालीत अजून शक पंचांग चालतं. त्यांचं नवीन वर्ष, न्येपी, मार्चच्या आसपास येतं आणि त्या दिवशी विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. तारीख बघून तिकीट काढा.

आमची तिकिटं शुक्रवारी काढतोय. अण्णांचा एकच प्रश्न बाकी आहे, आणि मला उत्तर सापडलेलं नाही. कुणी जाऊन आलं असेल तर मेसेज करा. "त्या जावात सोयाबीनला क्विंटलला काय भाव हाय?"