पडदे : माप, कापड आणि समोरची खिडकी
(महिला मंडळाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

पडद्यांवर बोला, असं मंडळाने सांगितलं तेव्हा आमच्या घरी सगळे हसले. पण गेली 22 वर्षं मी घरी पडदे शिवून देते आहे आणि आपल्या दोन्ही विंगमधल्या बऱ्याच खिडक्या मला इंचात पाठ आहेत. तेव्हा बोलते.

आधी माप. दुकानात जाताना लोक खिडकीचं माप नेतात. न्यायचं असतं दांडीचं. दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर हवी, म्हणजे उघडलेला पडदा भिंतीवर जाऊन बसतो, काच अडवत नाही. आपल्या हॉलची खिडकी पाच फुटी, म्हणून दांडी सहा फूट. मध्ये तिसरा ब्रॅकेट लावाच, नाहीतर दांडीला पोट सुटतं. कापडाची रुंदी दांडीच्या दुप्पट धरायची. म्हणजे 144 इंच. पडद्याचं कापड बहुधा 48 इंच पन्ह्याचं येतं, म्हणून तीन पन्हे. दोनात भागवलं की पडदा ओढल्यावर चादर वाळत घातल्यासारखी दिसते. रिंगांचे पडदे असतील तर रिंगा सम संख्येत, आठ किंवा दहा. नऊ केल्या की एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे तोंड करून बसते. आणि सुती कापड आधी भिजवून वाळवा, मगच शिवायला द्या. पहिल्या धुण्यात आखडलेला पडदा मला परत लांब करता येत नाही हो!

जुन्या साड्यांचे पडदे छान होतात. साडेपाच मीटरच्या साडीत दाराचे सात फुटी दोन पडदे दुमडीसकट निघतात. फक्त रेशमी साडी असेल तर मागे अस्तर हवंच. ऊन रेशीम खातं.

बी विंगवाल्यांना पश्चिमेचं ऊन. गडद पडद्याने खोली थंड राहते, हा गैरसमज आहे. अंधार होतो, एवढंच. गडद कापड ऊन पितं आणि ती ऊब खोलीतच सोडतं. काचेकडच्या बाजूला पांढरं किंवा फिकं अस्तर लावा, थोडं तरी ऊन आल्या वाटेने परत जातं. विदर्भात वाळ्याचे पडदे ओले करून लावतात, तसं इथे करू का, असं मला विचारतात. आपल्या दमट हवेत पाणी लवकर वाळतच नाही, मग गारवा कुठून येणार?

झिरझिरीत पडद्यांचंही सांगते. दिवसा बाहेर उजेड जास्त, त्यामुळे आतलं दिसत नाही. रात्री आपण दिवे लावले की उलटं होतं आणि समोरच्या विंगला आपला सगळा संसार दिसतो. दोन दांड्या, आत जाड आणि काचेकडे झिरझिरीत, हाच उपाय. दोरीच्या ब्लाइंड्स असतील आणि घरात लहान मूल असेल तर दोरी उंच गुंडाळून ठेवा. ती गळ्यात अडकून मुलांचे जीव गेले आहेत.

आता मला खरं जे बोलायचं होतं ते. चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्याकडच्या एक आजी एकट्या राहतात, मुलगी परदेशात. रोज साडेसहाला त्यांच्या खिडकीचा पडदा सरकायचा. मी चहा ठेवताना ते नकळत बघायची. एका सकाळी आठ वाजले तरी पडदा बंद. जाऊन बेल दाबली, दार उघडेना. शेजारी दुसरी किल्ली होती म्हणून बरं. आजी रात्रीपासून बाथरूममध्ये पडून होत्या, मांडीचं हाड मोडलेलं. आज त्या इथे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, काठीसकट. त्यांना विचारूनच हे सांगते आहे.

तेव्हापासून एकटं राहणाऱ्या कुणी पडदे शिवायला दिले की मी दोन गोष्टी करते. समोरच्या विंगला तोंड असलेली एक खिडकी ठरवायला लावते आणि समोरचं एक घरही. रात्री पडदा खुशाल घट्ट ओढा, पण सकाळी आठच्या आत उघडायचा. गावाला जाताना समोर कळवायचं. आणि पांढरं अस्तर लांबून भिंतीसारखंच दिसतं, म्हणून त्या एका पडद्याच्या अस्तराला केशरी पट्टी शिवते. ती चष्म्याशिवायही दिसते. पट्टीचे पैसे घेत नाही. आत्तापर्यंत सात घरांत हे सुरू झालंय. कुणाला पाळत ठेवल्यासारखं वाटतं, हे मान्य. त्यांनी नको म्हणावं, मी आग्रह करत नाही. पण दोघांनी आधी नको म्हणून नंतर स्वतःहून पट्टी मागितली.

शेवटी भोकं पाडण्याबद्दल. स्विचबोर्डच्या सरळ वर ड्रिल लावू नका, वायर तिथूनच खाली आलेली असते. खिडकीच्या वर काँक्रीटचा लिंटेल आहे, त्याला साधं ड्रिल पुरत नाही, हॅमर ड्रिल लागतं. ते माझ्याकडे आहे. दुपारी दोन ते चार सोडून केव्हाही घेऊन जा.