हेतू चांगला होता, सर!

मागच्या रांगेत शिट्ट्यांची तयारी करून बसलेल्या माझ्या मित्रांनो,

तुमच्या नाटकाच्या आधी माझं भाषण ठेवलंय. म्हणजे या क्षणी मी तुम्हाला किती नकोसा आहे, ते मला ठाऊक आहे. लवकर आवरतो.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. एकदा सहामाही परीक्षेत वर्गावर होतो. एका मुलाचे वडील महिन्यापूर्वीच गेले होते. भूमितीच्या प्रमेयापाशी तो अडला होता, कागदाकडं नुसता बघत होता. मी त्याच्या बाकाशी थांबलो आणि आकृतीतल्या चुकलेल्या कोनावर बोट ठेवलं. बोललो काहीच नाही. घंटा झाल्यावर मागच्या बाकावरची मुलगी आली. म्हणाली, "सर, माझाही तोच कोन चुकलाय."

त्या शनिवारी मी चर्चमध्ये पापनिवेदनाला गेलो. फादरांना सगळं सांगितलं आणि शेवटी जोडलं, "पण हेतू चांगला होता." फादर म्हणाले, "हेतू नंतर बघू. केलंस काय ते आधी सांग."

मला राग आला होता. कारण आमचा धर्म हेतूवर बोट ठेवणारा, असंच मी लहानपणापासून ऐकलेलं. येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय की दवंडी पिटून केलेल्या दानाचं फळ त्या वाहवेतच संपतं. भुकेल्याचं पोट भरलं तरी देणाऱ्याच्या पदरात देवाकडून काही पडत नाही. वाईट हेतू चांगल्या कृत्याला नासवतो, तर चांगला हेतू वाईट कृत्याला सुधारणार नाही का? नाही सुधारत! लिंबाच्या चार थेंबांनी दूध नासतं, पण नासलेल्या दुधात कितीही साखर घाला, त्याचा चहा होत नाही. चांगलं घडावं म्हणून वाईट करावं, हा विचार संत पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात साफ झिडकारला आहे. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसनं त्याची नीट मांडणी केली: कृत्य, हेतू आणि परिस्थिती, तिन्ही तपासा. दान करायला चोरी केली तरी ती चोरीच.

पण मला जास्त जवळचा वाटतो तो संत ऑगस्टीन. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा हा बिशप. इसवी सन 420 च्या सुमाराला त्याच्याकडं स्पेनमधला एक प्रश्न आला. तिथं एका पाखंडी पंथाचे लोक आपली मतं लपवण्यासाठी खोटं बोलत. मग आपणही त्यांच्यातलेच आहोत असं भासवून त्यांना पकडलं, तर काय बिघडलं? ऑगस्टीननं उत्तरादाखल अख्खा ग्रंथ लिहिला. खोट्याला खोट्यानं पकडायचं नाही, हा त्याचा निकाल. मग तो स्वतःलाच अडचणीत टाकणारं उदाहरण घेतो. एक माणूस मरणाच्या दारात आहे. त्याचा मुलगा वारलाय, हे त्याला माहीत नाही. तो विचारतो, माझा मुलगा बरा आहे ना? खरं सांगावं तर हा धक्क्यानंच जाईल. इथं ऑगस्टीनही कळवळतो, तसं कबूलही करतो, आणि तरीही खोट्याला परवानगी देत नाही. एवढंच म्हणतो की दयेपोटी बोललेलं खोटं हे लहान पाप. पण पापच.

खरं सांगू? त्या खाटेशी मी असतो तर खोटं बोललो असतो. ऑगस्टीनशी माझं हे भांडण अजून मिटलेलं नाही. पण खोटं बोलून वर पुण्य केल्याच्या तोऱ्यात मी घरी गेलो नसतो, आणि ते त्याच्यामुळंच.

हा काथ्याकूट पोथीतलाच, असं कुणी समजू नका. आपल्या शेजारच्या गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 साली सुरू झालं. मधली चार वर्षं सोडली तर ते 1812 पर्यंत चाललं. माणसं तुरुंगात गेली, घरंदारं जप्त झाली, काहींना जाळलं गेलं. हे सगळं आत्मे वाचवण्यासाठी! त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स आला. ख्रिस्त लोकांपर्यंत न्यावा, हा त्याचाही हेतू. त्यानं मराठी शिकून सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते 1616 साली छापलं गेलं. एकच श्रद्धा, एकच हेतू. एकानं बेडी हातात घेतली, दुसऱ्यानं ओवी. हेतूवरच निकाल द्यायचा म्हटला तर दोघांना सारखेच गुण द्यावे लागतील. मी तरी देणार नाही.

चर्चनंही शेवटी दिले नाहीत. 12 मार्च 2000 रोजी रोममध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली चर्चच्या माणसांनी वापरलेल्या असहिष्णू मार्गांबद्दलची कबुली तिच्यात होती. गोव्याचं नाव त्या प्रार्थनेत नव्हतं. असायला हवं होतं, असं माझं मत आहे.

आता माझ्या परीक्षेकडं येतो. फादरांनी मला प्रार्थनेबरोबर आणखी एक काम सांगितलं होतं. सोमवारी मी मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं, आणि तो प्रश्न सगळ्या वर्गासाठी रद्द झाला. ज्यांनी तो बरोबर सोडवला होता, ती मुलं पुढं महिनाभर माझ्याशी धड बोलली नाहीत.

तुमची बारावीची परीक्षा जवळ आलीय. वर्गावर माझ्यासारखा एखादा दयाळू मास्तर भेटला आणि त्यानं तुमच्या कागदावर बोट ठेवलं, तर कृपा करून त्याला म्हणा, "सर, नको."

जमलं तर मागच्या बाकाकडंही एकदा बघा. होऊ द्या नाटक.