रोशा तेल : लोकांचा अनुभव आणि प्रयोगशाळेची परीक्षा



आपल्या बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या माथ्यावर सातपुड्याची रांग उभी आहे. पावसाळा सरल्यानंतर त्या उतारांवर पुरुषभर उंचीचे एक गवत फुलोऱ्यावर येते. त्याचे तुरे आधी हिरवट-पिवळे असतात आणि पुढे तांबूस होत जातात. पान किंवा तुरा बोटांत चुरडला की गुलाबाची आठवण करून देणारा गोडसर, किंचित तिखट दरवळ हाताला लागतो. संस्कृत ग्रंथांनी त्याला 'रोहिष' म्हटले. आपल्याकडे ते रोशा, रोहिस किंवा तिखाडी या नावांनी ओळखले जाते. मेळघाट, खानदेश आणि निमाडपर्यंत याच गवताचा पट्टा पसरला असून त्याचे तेल परदेशी बाजारात 'पामरोझा' या नावाने विकले जाते.

या गवताच्या शास्त्रीय नावात एका सेनानीचे नाव गुंफले गेले आहे. लखनौच्या 'ला मार्टिनिएर' विद्यालयामुळे परिचित असलेले जनरल क्लॉड मार्टिन यांनी टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत दक्षिणेतील घाटमाथ्यावर या गवताचे बी गोळा केले व लखनौला रुजवले. तेथून ते कलकत्त्यास वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या हाती गेले आणि 'मार्टिनी' हे नाव त्यास कायमचे चिकटले. पुढे 1820 च्या दशकातच निमाडच्या या तेलाची माहिती इंग्रज डॉक्टरांनी कलकत्त्याच्या वैद्यकीय संस्थेपुढे मांडली. संधिवातावर चोळण्याचे औषध म्हणून त्याची ख्याती होती. आजही सांधे धरले, पाठ आखडली की जुनी मंडळी रोशेल तेलाची बाटली शोधतात. प्रश्न असा की, या पिढीजात अनुभवाला प्रयोगशाळेत कितपत दुजोरा मिळतो?

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी व्यापाराची बाजू पाहणे अगत्याचे आहे, कारण औषधी गुणांची चर्चा अखेर बाटलीत काय आहे यावरच अवलंबून असते. एकोणिसाव्या शतकात खानदेशात पिंपळनेर हे या तेलाचे मोठे केंद्र होते. ओढ्याकाठी भट्ट्या लागत, गवत पाण्यासह हंड्यात उकळले जाई आणि वाफेबरोबर निघालेले तेल थंड पाण्यावर तरंगे. मुंबई बंदरातून ते तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे. तेथे त्यास 'इद्रिस याघी' म्हणत. उन्हात ठेवून ते निवळले जाई आणि पुढे बल्गेरियाच्या गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळले जाई. थोडक्यात, सातपुड्याचे गवत युरोपच्या अत्तरपेट्यांत गुलाब म्हणून मिरवत होते! आणि गंमत अशी की, भेसळीसाठी जाणाऱ्या या तेलातच आपले लोक वाटेत रॉकेल आणि टर्पेंटाइन ओतू लागले. भेसळीतही भेसळ, असा हा व्यवहार होता. त्यातून जाणकार ग्राहकाने एक साधी कसोटी शोधली. शुद्ध रोशा तेल सत्तर टक्के मद्यार्काच्या दोन-तीन भागांत स्वच्छ विरघळते. रॉकेल असेल तर द्राव गढूळ होतो.

दुसरी अडचण निसर्गानेच निर्माण केली आहे. रोशा गवताच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. मोतिया कोरड्या, मोकळ्या उतारांवर सुटे सुटे गड्डे धरून वाढते, तर सोफिया ओलाव्याच्या जागी दाट रान करते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्किल या शास्त्रज्ञाने त्यांतील फरक स्पष्ट केला. मोतियाची पाने दांड्यापासून जवळजवळ काटकोनात निघतात, सोफियाची वर झुकलेली असतात. परंतु कापून भारा बांधल्यावर हा फरक कोण पाहणार? मोतियाच्या तेलात जेरॅनिओल नावाचे सुगंधी द्रव्य साधारणतः पाऊण हिश्श्याहून अधिक असते. सोफियात ते बरेच कमी असून इतर द्रव्ये अधिक असतात. म्हणून दोन बाटल्यांवर एकच नाव असले तरी आत दोन निराळी औषधे असू शकतात.

प्रयोगशाळेची पहिली पायरी येथेच सुरू होते. क्लेव्हेंजर यांनी 1928 मध्ये तयार केलेल्या काचेच्या उपकरणात गवत उकळून तेल मोजले जाते. शंभर किलो ओल्या गवतातून ते जेमतेम अर्ध्या किलोपर्यंत मिळते. तेही गवत फुलोऱ्यावर असताना कापले तर, कारण तेलाचा मोठा साठा तुऱ्यांत असतो. मग गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रात तेलाचा थेंब वायुरूप करून लांबलचक, केसासारख्या बारीक नळीतून पाठवतात. प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर पडतो आणि कागदावर शिखरांची रांग उमटते. जेरॅनिओलचे उंच शिखर, त्याच्या शेजारी जेरॅनिल ॲसिटेट, लिनॅलूल यांची ठेंगणी शिखरे. ही रांग म्हणजे तेलाची जन्मपत्रिकाच होय.

त्यानंतर औषधी परीक्षा. काचेच्या बशीत अगर नावाच्या पोषक थरावर जिवाणू पसरतात, तेलात बुडवलेली टीपकागदाची चकती मध्ये ठेवतात आणि एक दिवस ऊब देतात. चकतीभोवती जिवाणू न वाढलेले जे स्वच्छ वर्तुळ राहते, त्याचा व्यास मोजला जातो. शेजारी परिचित प्रतिजैविकाची चकती तुलनेसाठी ठेवावी लागते. ती नसेल तर त्या आकड्यास काहीच अर्थ नाही. शिवाय तेल पाण्यात मिसळत नसल्याने वर्तुळ फसवे ठरू शकते. म्हणून किमान किती मात्रेत वाढ थांबते, हे वेगळे काढले जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1999 मध्ये 52 वनस्पतिज तेले व अर्क दहा सूक्ष्मजीवांवर तपासले. त्यांत रोशाचेच भावंड असलेला गवती चहा दोन टक्के वा त्याहून कमी मात्रेत दहाही सूक्ष्मजीवांना रोखणाऱ्या मोजक्या तेलांत होता. रोशातील जेरॅनिओल सूक्ष्मजीवांच्या पेशींचे आवरण ढिले करते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय निबंधात रोशा तेल सूक्ष्म कृमींवर वापरून पाहिले गेले. निव्वळ जेरॅनिओलने तेच काम जवळपास निम्म्या मात्रेत केले. गुण कोणत्या घटकाचा, हे असे ठरते.

आणि उपेक्षित सोफियाचे काय? हलके म्हणून तिला बाजारात भाव कमी. पण मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात आणि पुढे कार निकोबार बेटावरील आदिवासी गावांत नेमके सोफियाचेच तेल अंगाला लावून डासांवर पारखले. 2003 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले व ते उत्साहवर्धक होते. बाजाराने ठरवलेली प्रत आणि औषधी उपयोग या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यातून उघड झाले.

आता मर्यादा. काचेच्या बशीत जिवाणू मेला म्हणजे रोग्याच्या शरीरात रोग बरा झाला, असे होत नाही. संधिवातावरील गुणासाठी रोग्यांवर, तुलनेच्या गटासह, पुरेशा संख्येने चाचणी हवी. बशीतील वर्तुळ त्याची जागा घेऊ शकत नाही. चोळण्याने येणारी ऊब कोणत्याही तेलाने काही प्रमाणात मिळते. तेल न पातळ करता कातडीवर लावल्यास आग होऊ शकते. जेरॅनिओल काहींना सोसत नाही, म्हणून युरोपात प्रसाधनांच्या वेष्टनावर त्याचा उल्लेख सक्तीचा आहे. पोटात घेण्याचे धाडस तर वैद्याच्या सल्ल्याविना कुणीही करू नये. मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सर्व काही बरे करण्याचा दावा बाटलीवर छापणाऱ्यांसाठी 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहेच.

परीक्षेवाचून केलेले निदान किती भरकटते, हे आपल्या जिल्ह्याने नुकतेच अनुभवले. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस झपाट्याने गळू लागले. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शाम्पूला. पुढे तपासण्यांच्या आधारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे लक्ष वेधले. त्या दिवसांत एखादे गुणकारी तेल गावोगाव विकणाऱ्यास गिऱ्हाईक कमी पडले नसते, आणि गव्हाकडे मात्र कुणाचे लक्ष गेले नसते.

आपल्या समाजाच्या मनात आणखी एक प्रश्न येतो, तो मुक्या प्राण्यांवरील प्रयोगांचा. येथवर वर्णिलेल्या तेलाच्या रासायनिक चाचण्या व बशीतील परीक्षा ससा किंवा उंदीर यांच्यावाचून होतात. प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करण्यास भारताने 2014 मध्येच बंदी घातली. औषधांचा मार्ग अद्याप तितका सरळ नाही. तेथे प्राण्यांऐवजी अन्य पद्धती कुठवर पुरतात, यावर शास्त्रज्ञांचे काम चालू आहे.

लखनौच्या 'सीमॅप' या केंद्रीय संस्थेने रोशाच्या 'तृष्णा'सारख्या सुधारित जाती दिल्या आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. हलक्या जमिनीत, थोड्या पाण्यावर येणारे हे पीक एकदा लावले की काही वर्षे कापणी देते. परंतु शेतकऱ्याला भाव मिळायचा तो जेरॅनिओलच्या टक्केवारीवर. तो आकडा खरेदीदाराच्या तोंडून न ऐकता तपासणी-अहवालावर वाचायचा असेल, तर प्रत्येक घाण्याचा नमुना, कापणीची तारीख व जात लिहून, वेगळा सीलबंद ठेवावा लागेल.