संमोहनाची शक्ती कुणाची?

पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियांचा पुतळा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. 1945 सालचा, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. समोर एक स्त्री कलंडते आहे आणि फारियांचे दोन्ही हात तिच्यावर रोखलेले आहेत. शिल्प देखणं आहे. पण पाहणाऱ्याला वाटतं, त्या हातांतून काहीतरी निघालं आणि त्या बाईला जाऊन लागलं. फारिया सांगत होते ते नेमकं याच्या उलट!

1756 मध्ये कांदोळीत जन्मलेले हे पाद्री 1813 मध्ये पॅरिसला संमोहनाचे जाहीर प्रयोग करू लागले. उपचारकाच्या अंगातून रुग्णात शिरणारा, मेस्मर या डॉक्टरने सांगितलेला चुंबकी प्रवाह तेव्हाही लोकांच्या डोक्यातून गेला नव्हता. फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, ज्यात फ्रँकलिन आणि लाव्हाझिए हे शास्त्रज्ञ होते, 1784 मध्येच असा प्रवाह नाही असा निर्वाळा दिला होता, तरीही. फारिया माणसाला खुर्चीत बसवत, डोळे मिटून झोपेवर मन लावायला सांगत आणि ठामपणे म्हणत, ‘झोपा!’ ही झोप माझ्या अंगातून येत नाही, तुमच्यातूनच येते, हे त्यांचं म्हणणं. 1816 मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टवाळी करणारं नाटक आलं. 1819 मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते गेले.

आपण रात्री दूध विरजतो ना, तसं हे आहे. संमोहन करणारा फक्त चमचाभर विरजण लावतो. दही होतं ते दुधाचं. पाण्यात कितीही विरजण घाला, दही लागणार नाही. दूध कोमट हवं, भांडं हलवायचं नाही. म्हणजे मनाची तयारी हवी, विश्वास हवा. सगळ्यांचं सारखं घट्ट लागतही नाही. आणि एकदा लागलं, की उद्याचं विरजण घरातच असतं! चांगला उपचारक रुग्णाला स्वसंमोहन शिकवतो ते यासाठीच.

आणि आपण काय करतो? रंगमंचावर कुणी कच्चा कांदा सफरचंद म्हणून खाल्ला की टाळ्या वाजवतो, आणि डॉक्टरांनी संमोहन सुचवलं की घाबरतो. ‘माझं मन त्यांच्या ताब्यात जाईल का?’ नाही जाणार. तुम्ही ऐकत असता, नको वाटलं तर डोळे उघडू शकता. पुन्हा सांगतो, शक्ती तुमची आहे.

गंमत अशी, की ज्यांनी संमोहनाचा मोठा उपयोग केला त्यांनाही हे उमगलं नव्हतं. 1845 मध्ये बंगालात हुगळीला जेम्स एस्डेल या डॉक्टरने अशा अवस्थेत शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्यांचे देशी मदतनीस तासन्‌तास रुग्णाच्या अंगावरून हात फिरवत. मोठमोठ्या गाठी कापल्या गेल्या, रुग्ण शांत! पण एस्डेल श्रेय देत राहिले त्या प्रवाहालाच. मग ईथर आणि क्लोरोफॉर्म आलं, मिनिटांत काम होऊ लागलं, आणि सगळं मागे पडलं. तिकडे मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने 1843 च्या पुस्तकात प्रवाह बाजूला सारला होता आणि एकाग्रतेवर बोट ठेवलं होतं. त्याच मँचेस्टरमध्ये 1984 मध्ये पीटर व्हॉरवेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तपासण्यांत काही न सापडणारा आतड्यांचा जो चिवट त्रास असतो, पोटात मुरडा, फुगणं, कधी जुलाब कधी मलावरोध, तो संमोहनाने बराच कमी होतो. भाजलेल्या जखमांचं ड्रेसिंग, दातांच्या खुर्चीची भीती, इथेही त्याचा आधार होतो. दुखणं तेच, पण ते सोसणारं मन वेगळ्या जागी असतं. दूध तेच...

असो, समोर वेळ संपत आल्याची खूण होते आहे. एक मात्र सांगायलाच हवं. हरवलेला दागिना शोधायला किंवा बालपणीच्या आठवणी खणून काढायला कुणाकडे जाऊ नका. या अवस्थेत मन न घडलेल्या गोष्टींच्या आठवणी रचू शकतं आणि त्या खऱ्या मानू शकतं. भास होणाऱ्या, संशयाने पछाडलेल्या माणसाला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, चालू गोळ्या थांबवू नका. लहान मुलांबद्दलही बोलायचं होतं, त्यांच्या कल्पनाशक्तीमुळे त्यांना हा उपचार अनेकदा लवकर मानवतो; पण ते आज राहिलं.