गच्चीवरची माती
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि "बँकेतल्या आठवणी सांगा" असं सुचवलं आहे. आठवणी मी रोज संध्याकाळी कट्ट्यावर सांगतोच, त्यामुळे आज त्या नकोत. आज एक प्रस्ताव मांडायचा आहे.

आपल्या मागच्या गल्लीत महापालिकेची शाळा आहे, तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. चार मजली, वर सपाट स्लॅब, त्यावर काळं डांबरी वॉटरप्रूफिंग. गेली सहा वर्षं शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिथे आठवीच्या मुलांना गणित शिकवतो. चक्रवाढ व्याज हा माझा आवडता धडा, सांगायला नकोच. वर्ग चौथ्या मजल्यावर. मार्च उजाडला की पंखा खालची हवा ढवळत नाही, छताची गरम हवा खाली आणून टाकतो. मागच्या वर्षी वर्ग चालू असताना एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिची आई आपल्याच सोसायटीत तीन घरी कामाला येते. पाणी मारलं, लिंबू-सरबत दिलं, पोरगी दहा मिनिटांनी उठून म्हणते, "सर, ते गणित अर्धं राहिलं." तेव्हापासून ते छत माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या छतावर बाग करावी, असा माझा प्रस्ताव आहे.

आता काही जण हसताहेत, ते का हसताहेत हे मला ठाऊक आहे. २००९ साली मी खजिनदार असताना आपल्या गच्चीवरच्या सगळ्यांच्या कुंड्या मीच खाली उतरवायला लावल्या होत्या. ए-विंगच्या वहिनी त्यावरून माझ्याशी दोन गणपती बोलल्या नव्हत्या. पण कारण आठवा. कुंड्यांखाली कायम ओल राहायची, मुळं कोब्याच्या भेगांत शिरली होती आणि ७०४ च्या हॉलमधलं प्लॅस्टर दिवाळीच्या आदल्या दिवशी सोफ्यावर आलं. निर्णय बरोबर होता, मात्र निष्कर्ष चुकीचा काढला. दोष झाडांचा नव्हता. खालचे थर न घालता आपण नुसती माती वर चढवली, तिथे चुकलं.

हे मला कळलं २०१४ साली, मुलीकडे शिकागोला गेलो तेव्हा. तिथे सिटी हॉल, म्हणजे त्यांच्या महापालिकेची कचेरी, १९११ साली पूर्ण झालेली अकरा मजली जुनी दगडी इमारत आहे. मुलीच्या ओळखीच्या एकांचं ऑफिस समोरच्या उंच इमारतीत, तिथल्या खिडकीतून मी खाली पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्या इमारतीचे दोन मालक आहेत. पश्चिमेचा अर्धा भाग शहराचा, पूर्वेचा अर्धा काउंटीचा, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषद म्हणा. शहराच्या अर्ध्या छतावर गवत, फुलझाडं, वेली, दोन-चार छोटी झाडंसुद्धा. भिंतीपलीकडच्या अर्ध्यावर साधं छत. एका इमारतीत एकाच भिंतीला लागून दोन हिशेब.

१९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसं गेली. बरीचशी म्हातारी, एकेकटी, वरच्या मजल्यांवर राहणारी. पुढे तिथले महापौर रिचर्ड डेली यांनी जर्मनीत हिरवी छतं पाहिली आणि सांगितलं, आधी आपल्या कचेरीवर करून दाखवू. २००१ साली काम पुरं झालं, आपल्या सोसायटीच्याच वयाचं. सुमारे वीस हजार चौरस फुटांवर वीस हजारांच्या आसपास रोपं लावली, शंभराहून जास्त जातींची. त्याच वर्षी ऑगस्टातल्या एका कडक दुपारी मोजमाप घेतलं. काउंटीचं काळं डांबरी छत १६९ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले ७६ सेल्सिअस. शेजारी झाडं असलेला भाग जागोजागी ९१ ते ११९ फॅरनहाइट, म्हणजे ३३ ते ४८ सेल्सिअस. अठ्ठेचाळीस काही थंड नव्हे, पण ७६ अंशांच्या स्लॅबखाली बसून चक्रवाढ व्याज शिकायचं म्हणजे काय, ते मला विचारा.

आणि आपल्याला हे नवीन आहे असंही नाही. लहानपणी हँगिंग गार्डनला सगळेच गेलात. बूट बंगला बघितला, भेळ खाल्ली. ती बाग १८८१ साली मलबार हिलच्या पाण्याच्या टाकीवर केली. आपण टाकीच्या छतावर फिरतो आहोत हे भेळ खाताना कुणाच्या लक्षात येतं?

आता मुद्द्याचं, वजन. साधी माती फूटभर घातली आणि ती पावसात भिजली, की चौरस मीटरला पाचशे किलोच्या पुढे जाते. वापरात असलेली साधी गच्ची चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास जादा भार धरून डिझाइन करतात. म्हणून स्लॅबवर आधी पक्कं वॉटरप्रूफिंग, त्यावर मुळं अडवणारा थर, मग पाणी वाहून नेणारा थर, मग गाळणीसारखं कापड, आणि वर चार इंच हलकं मिश्रण: कोकोपीट, खत, विटांचा चुरा वगैरे. हे भिजल्यावरही शंभर-दीडशे किलोंत बसतं. पण बसतं म्हणजे कागदावर बसतं. त्या विशिष्ट इमारतीला झेपेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच सांगायचं. मी बँकेत तारण न तपासता एकही कर्ज मंजूर केलं नाही, इथेही करणार नाही. नाही म्हणाला तर विषय संपला.

पाण्याचा प्रश्न जास्त अवघड आहे. शिकागोला बारा महिने थोडाफार पाऊस किंवा बर्फ असतं. आपल्याकडे चार महिने कोसळतो आणि आठ महिने तोंड दाखवत नाही. तेव्हा तिथली झाडं इथे चालणार नाहीत. कोरफड, पानफुटी, आणि ते ऑफिस टाइम. दहाला उघडतं आणि दुपारनंतर मिटतं. आमच्या बँकेच्या कॅश काउंटरसारखंच ते, मला जवळचं आहे.

कुणी म्हणेल, पांढरा रंग मारा, स्वस्तात काम होईल. बरोबर आहे. अहमदाबादला महापालिकेने वस्त्यांमधल्या घरांच्या छतांना तसा रंग लावला आणि ते शहाणपणाचं काम आहे. माझं म्हणणं असं, की इंजिनिअर हो म्हणाला तर अर्ध्यावर बाग आणि अर्ध्यावर पांढरा रंग करू. तो नाही म्हणाला तर सगळं पांढरं. मुलं थर्मामीटर लावतील आणि फरक वहीत लिहितील. शिकागोसारखी अर्धी-अर्धी.

इमारत महापालिकेची, म्हणजे काम त्यांचं, खर्चही त्यांनी करायचा. आपण मागणी करायची. पण नुसता अर्ज दिला तर तो कुठे जाऊन बसतो ते आपण सगळे जाणतो. सोबत त्यांच्या परवानगीने केलेला इंजिनिअरचा अहवाल असेल तर फाइल हलते. रौप्यमहोत्सवासाठी आपण स्वेच्छेने जी वर्गणी काढली, त्यातून आजचा खर्च जाऊन एक लाख ऐंशी हजार उरताहेत. त्यातून प्रवेशद्वाराला पितळी कमान करावी अशी सूचना आली आहे. कमान चांगलीच दिसेल, माझा विरोध नाही. पण तो पैसा आधी या अहवालाला द्यावा आणि उरेल त्याची कमान करावी. मेंटेनन्समधला एक रुपयाही मी मागत नाही. ऑडिटर मलाच विचारेल. वर्गणीचा उपयोग बदलायचा म्हणजे सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी. पुढच्या सभेत ठराव मांडणार आहे, अनुमोदक अजून मिळालेला नाही.

७०४ मधल्या काकांना मी काल विचारलं. ते म्हणाले, "प्लॅस्टर माझ्या सोफ्यावर पडलं होतं, मी विचार करून सांगतो." तो त्यांचा हक्क आहे.

जेवणाच्या टेबलाशेजारी एक वही ठेवली आहे, सूचना लिहा, विरोध असेल तर तोही लिहा. आणि सोमवारी अकरा वाजता मी वॉर्ड ऑफिसात परवानगीचा अर्ज घेऊन जाणार आहे. तिथला जिना चढायला माझे गुडघे कुरकुरतात, कुणीतरी तरुण माणूस सोबत असेल तर बरं होईल.