ऐकणारं घर

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय ‘प्राथमिक शाळेतील गृहपाठ : स्वरूप आणि दिशा’. स्वरूप तुम्हाला सांगायची गरज नाही, रोज रात्री ते तुमच्या घरात पसरलेलं असतं. (हशा) मी सरळ दिशेकडे येते. पहिली ते चौथीच्या मुलाला घरी एकच अभ्यास असावा. रोज पंधरा मिनिटं त्यानं मोठ्यानं वाचावं आणि घरातल्या एका माणसानं ते कान देऊन ऐकावं. लेखन, गणितं, तक्ते, प्रकल्प, सगळं शाळेनं शाळेत करून घ्यावं.

कागदोपत्री हे सगळ्यांना मान्यच आहे. यशपाल समितीनं १९९३ साली दप्तराच्या ओझ्याबद्दल काय लिहिलं, ते इथं बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको. २०१८ साली केंद्रानं राज्यांना कळवलं की पहिली-दुसरीला गृहपाठ नको. २०२०च्या दप्तर धोरणानं तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, अशी मर्यादा घातली. दिवसाला नव्हे, आठवड्याला! अमेरिकेत हॅरिस कूपर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गृहपाठावरचं कित्येक वर्षांचं संशोधन २००६ साली एकत्र तपासलं. मोठ्या वर्गांत गृहपाठाचा थोडाफार लाभ दिसला. प्राथमिक वर्गांत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध अगदीच क्षीण निघाला. एवढं असून आमची तिसरीतली पोरं प्रश्नोत्तरं दोनदा उतरवून काढतातच आहेत.

आता प्रकल्प. २०१०पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत प्रकल्प हे एक साधन. हेतू चांगला होता. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्पपद्धती मांडली, तेव्हा त्यांचा सगळा भर मुलानं मनापासून हाती घेतलेल्या कामावर होता. आपल्याकडे काय झालं? रात्री साडेनऊला पोर सांगतं, ‘आई, उद्या वाहतुकीच्या साधनांचा प्रकल्प द्यायचाय.’ वडील चपला घालून दुकानात. पाच-दहा रुपयांचा चित्रांचा तक्ता आणायचा, आईनं कात्रीनं विमान कापायचं, आगबोट कापायची, फेव्हिकॉल लावायचा, वर स्केचपेननं नाव घालायचं. पोर केव्हाच झोपलेलं असतं. (हशा, टाळ्या) आपल्या गावातले स्टेशनरीवाले पुढेच बसलेत. त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, मागणी आपण निर्माण केली. आणि मागं शिक्षक मंडळींत कुजबुज चालली आहे, तीही पोचते आहे. अहो, मी तुमच्यातलीच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझा जन्म गेला. नोंदी भरायच्या असतात, फायली दाखवायच्या असतात, हे मी जाणते. पण त्या फायलीतलं विमान कुणी कापलं, हे तुम्हालाही कळतं.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. गृहपाठ घराघरांत भेद करतो. शिकलेली आई ज्या घरात आहे, तिथली वही पूर्ण असते. जिथं नाही, तिथलं पोर सकाळी बाकावर मान खाली घालून उभं राहतं. त्यात त्याचा काय गुन्हा?

एका मुलाचं सांगते. आईवडील ऊसतोडीला गेलेले, हा तिसरीतला पोरगा गावात आजीपाशी. गृहपाठ कधीच पुरा नसायचा. मी त्याला म्हटलं, वही राहू दे, हे गोष्टीचं पुस्तक ने आणि आजीला वाचून दाखव. आजीला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी ती चुलीपुढं भाकरी थापायची आणि हा उंबऱ्यावर बसून ओळीखाली बोट धरून वाचायचा. ‘आश्चर्य’ आलं की अडायचा. आ... श्... पुन्हा मागं जायचा. आजी थापणं न थांबवता म्हणायची, ‘हूं, मग पुढं?’ तिला चूक दाखवता येत नव्हती, म्हणून चुकायची भीती त्याला उरली नाही. एवढ्या ‘हूं’वर तो पोरगा वाचायला लागला.

पुढचं ऐका. एका गोष्टीत म्हैस व्याली आणि मालकानं तिच्यापुढं नुसता कडबा टाकला, असं होतं. आजी खवळली. दुसऱ्या दिवशी पोरगा वर्गात सांगतो, ‘बाई, पुस्तकात चूक आहे. आजी म्हणते, व्यालेल्या म्हशीला बाजरी शिजवून गूळ घालून देत्यात.’ लगेच दुसरा उठला, ‘आमच्यात कण्या देतात.’ तिसरी म्हणाली, ‘बाळंतशेपा पण घालतात.’ भांडण जुंपलं! मग त्या आठवड्यात पोरं घरोघर विचारत फिरली. कुणाकडं काय देतात, किती दिवस देतात, का देतात, सगळं वहीत आलं. शुद्धलेखनाच्या चुकांसकट आलं. किलपॅट्रिकसाहेबांना हवा होता तो प्रकल्प हाच. त्यात तक्ता नव्हता, कात्री नव्हती. आणि त्या आजी स्वतः शाळेच्या दारात येऊन म्हणाल्या, ‘बाई, हे पुस्तक संपलं, दुसरं द्या.’ (टाळ्या)

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. गोष्टीत वेळ गेला, पण ती सांगायचीच होती. पालकशिक्षणाचा मुद्दा सोडते.

‘वेळ कुठाय’ असं तुम्ही म्हणाल. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. गावानं ठरवलं, म्हणून झालं. पुस्तकं कुठून आणायची? बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतं आहे. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. शाळेच्या कपाटातली पुस्तकं बाहेर काढा. फाटली तर फाटली. पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा करून उरलेलं वर्ष कपाटाला कुलूप, हे चालणार नाही. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे ‘असर’ची पाहणी वर्षानुवर्षं सांगते आहे. ती पाहणी करणारे मुलांच्या घरी जाऊन वाचून घेतात. आपण त्याच घरात राहतो.

शेवटचं. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक ठेवले आहेत आणि एकूण समितीत निम्म्या स्त्रिया. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आहेत. जूनमध्ये शाळा उघडतील, पहिली सभा होईल. त्या सभेत एवढा एकच ठराव मांडा, की चौथीपर्यंत घरी लेखी गृहपाठ नाही, घरचा प्रकल्प नाही, रोज एक पुस्तक घरी जाईल. मुख्याध्यापक नाही म्हणाले तर २०२०चं दप्तर धोरण त्यांच्यापुढं ठेवा. या सभागृहात बसलेल्या आयांनी, आज्यांनी हे करावं, ही माझी हात जोडून विनंती आहे.