दुखण्याआधी पोहोचायचं आहे



आपलं फिजिओथेरपिस्टांचं अधिवेशन मराठवाड्यात भरतं आहे आणि दसरा जवळ आला आहे, म्हणून आज मी एकच गोष्ट मांडणार आहे. आपण लोकांपर्यंत फार उशिरा पोहोचतो. खुबा मोडल्यावर, पक्षाघाताने हात लुळा पडल्यावर, मणक्यातली गादी सरकून माणूस अंथरुणाला खिळल्यावर आपल्याला बोलावणं येतं. तेव्हा आपण जे करतो ते मोलाचंच आहे. पण यातलं बरंचसं दुखणं टाळता येतं, आणि ते टाळण्याचं ज्ञान आपल्याकडे आहे. ते असूनही आपण दवाखान्यात वाट बघत बसलो, तर सार्वजनिक आरोग्याच्या कामात आपल्याला कुणी का विचारावं?

आपला व्यवसाय या देशात रुजला तो एका साथीच्या रोगामुळे, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि 1947 मध्ये त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केलं. हाजी अलीचं मुलांचं अस्थिरुग्णालय त्याच कामातून उभं राहिलं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, त्यामागेही पोलिओच होता. त्या पिढीने हजारो मुलांच्या पायांना कॅलिपर बांधले, त्यांना उभं केलं, शाळेत पाठवलं. मात्र पोलिओ हटला तो लसीने. भारतातला त्याचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला, आणि मार्च 2014 मध्ये देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ज्या रोगाने आपल्याला जन्म दिला तो गेला, याइतकी आनंदाची गोष्ट नाही. आज जे आजार माणसाला जायबंदी करतात, ते पाठीचे, गुडघ्यांचे, हृदयाचे, साखरेचे आहेत. त्यांना दोन थेंबांची लस नाही. तिथे शरीर कसं आणि किती वापरायचं, हेच प्रतिबंधाचं मोठं साधन आहे, आणि तो तर आपला रोजचा विषय.

प्रतिबंध आपल्याला नवा आहे असंही नाही. कुष्ठरोगाच्या कामात आपल्या आधीच्या लोकांनी तो करून दाखवला. वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या, तेव्हा त्या बोटांना नव्याने हालचाल शिकवण्याचं काम फिजिओथेरपिस्टांनी उचललं. त्याहून मोठी गोष्ट ब्रँड यांच्या पथकाच्या निरीक्षणातून पुढे आली. बोटं आणि तळवे झडतात ते मुख्यतः संवेदना गेल्यामुळे. चटका लागलेला कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळत जाते. म्हणून रोज संध्याकाळी पाय बघायचे, पाण्यात भिजवायचे, घट्टे घासायचे, तेल लावायचं, एमसीआर रबराच्या मऊ चपला घालायच्या. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला, वरोऱ्याच्या आनंदवनात हे काम पाहिलेल्या माणसाला आणखी पुरावा द्यावा लागत नाही. पूर्व विदर्भात हत्तीपायाच्या रुग्णांना पाय धुणं, कोरडा ठेवणं, उंच ठेवणं आणि घोट्याचे व्यायाम शिकवले जातात, तेही याच परंपरेतलं.

आता हाच विचार मधुमेहाच्या पायाला लावून बघा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचं सांगितलं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की आपली बाळं जन्मतः वजनाला कमी असली, तरी त्यांच्या शरीरात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त असतं. म्हणजे किडकिडीत दिसणारा माणूसही सुरक्षित नाही. यातल्या किती जणांच्या तळव्याची संवेदना कुणी तपासली असेल? त्यासाठी नायलॉनचा एक तंतू आणि पाच मिनिटं पुरतात. गावोगाव अनवाणी शेतात जाणारे मधुमेही आहेत. पाय कापायची वेळ आल्यावर कृत्रिम पाय बसवायला आपण हजर असतो. त्या आधीच्या दहा वर्षांत आपण कुठे असतो?

उंबरठ्यावरच्या लोकांबद्दल तर आपल्याकडे भारतातलाच पुरावा आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या पथकाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केवळ आहार आणि हालचाल यांतल्या बदलाने मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी घटलं. सल्ला महिनोन्‌महिने दिला गेला, पाठपुरावा झाला, म्हणून ते घडलं. ‘रोज चाला’ असं चिठ्ठीवर लिहून दिल्याने कुणी चालत नाही. गुडघा दुखत असेल तर कसं चालायचं, रस्त्यावर दिवे नसतील तर बाईने कधी आणि कुठे चालायचं, हे सांगणारं माणूस लागतं.

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते ऊसतोडीबद्दल. दसरा-दिवाळीनंतर या भागातली गावंच्या गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि ती फेडण्यासाठी पाच-सहा महिने फडात. बाई पहाटे उठून स्वयंपाक करते, पाणी आणते, मग कमरेत वाकून ऊस तोडते, वाढ्यांनी मोळी बांधते, ती डोक्यावर घेते आणि अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढते. दिवसभर, आणि गाडी उशिरा आली तर रात्रीही. बाळंतपणानंतर पुरती विश्रांती न घेता ती हेच करते. मानेचे मणके, कंबर, गुडघे यांचं काय होतं ते तुम्ही जाणता. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काय होतं याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. अंग बाहेर येणं, खोकताना लघवी होणं, ओटीपोटात सतत ओढ लागणं. हे सारं ती लपवते आणि असह्य झालं की पिशवी काढून टाकते. बीड जिल्ह्यात तरुण वयात गर्भाशय काढलेल्या बायकांचा प्रश्न 2019 मध्ये देशभर गाजला, विधिमंडळात चर्चा झाली, चौकशी समिती नेमली गेली. त्या सगळ्या चर्चेत आपल्या व्यवसायाचा आवाज मला ऐकू आला नाही.

वास्तविक ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम 1948 पासून वैद्यकात नोंदलेले आहेत, आणि लघवीवरचा ताबा सुटणं किंवा अंग थोडं खाली सरकणं यांवर पहिला उपचार म्हणून ते जगभर मान्य आहेत. त्यांना यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. एका बाईने दुसऱ्या बाईला दार लावून नीट शिकवायला हवेत, एवढंच. ओझं उचलताना श्वास रोखू नका, उचलण्याच्या क्षणी तो सोडा आणि तळ आत ओढून धरा. मोळी डोक्यावर घेताना दुसऱ्याचा हात लावून घ्या. हे फडावर जाण्याआधी गावातच शिकवता येतं.

पण नुसता सल्ला देऊन आपण सुटत नाही. ‘हलकी मोळी बांधा’ म्हणणं सोपं आहे. मजुरी टनावर मिळते. मोळी हलकी म्हणजे खेपा जास्त. म्हणून आपल्याला कारखान्यांशी आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाशी बोलावं लागेल. फळी रुंद असावी, तिला पाय अडवणाऱ्या पट्ट्या असाव्यात, बाळंतिणीला भरणीचं काम देऊ नये, फडाजवळ पाणी आणि शौचालय असावं. या मागण्या आपल्या शास्त्रातून येतात. आपण त्या लेखी द्यायला हव्यात.

‘आमच्या बायका दिवसभर राबतात, त्यांना व्यायाम कशाला?’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. राबणं आणि व्यायाम यांत शरीराच्या दृष्टीने फार अंतर आहे. विश्रांतीशिवाय तेच ते वाकणं आणि उचलणं सांधे झिजवतं. बेताने वाढवलेला, मध्ये सावरायला वेळ देणारा भार स्नायू आणि हाडं घडवतो. जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये लंडनच्या दुमजली बसमधले चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. हालचाल तारते, हे त्यातून दिसलं. पण वाहक तिकिटं फाडत जिना चढत होते, डोक्यावर उसाची मोळी घेऊन नव्हे.

म्हातारपणी पडणं हा दुसरा मोठा विषय, त्यावर थोडक्यात बोलते. व्यायामाने ज्येष्ठांच्या पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी कमी होतं, असं शंभराहून अधिक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्याने 2019 मध्ये दाखवलं. साधे व्यायाम आहेत: ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं. आपल्याकडे लोक जमवावेही लागत नाहीत. हरिपाठाला, भजनी मंडळात ज्येष्ठ रोज एकत्र येतात. विद्यार्थ्यांनो, तुम्ही वारीच्या वाटेवर शिबिरं घेता, वारकऱ्यांचे पाय चोळता, त्याचं मला कौतुक आहे. पालख्या ज्येष्ठात निघतात. तुम्ही वैशाखात गावी जा. अडीचशे किलोमीटर चालायच्या आधी पोटऱ्या आणि मांड्या तयार करून द्या.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्यापैकी अनेकांचे दवाखाने यंत्रांच्या खोल्या झाले आहेत. शेक, करंट, पट्टा, दहा बैठका. कंबरदुखीत माणसाला हिंडतं-फिरतं ठेवा, दुखणं समजावून सांगा, उगाच एमआरआय काढू नका, असं ‘लॅन्सेट’च्या 2018 च्या लेखमालेने बजावलं. आपणही ते वर्गात शिकवतो, आणि दवाखान्यात यंत्र लावतो. कारण उघड आहे. यंत्राचे पैसे मिळतात. जी बाई पडलीच नाही, तिची फी कोण देणार? म्हणून प्रतिबंधाचं काम एकेकाच्या सद्भावनेवर सोडून चालणार नाही. त्याला पगारी जागा हवी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कायम फिजिओथेरपिस्ट असावा आणि आठवड्यातले ठरावीक दिवस तो प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि गावांत जावा, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. हे काम आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रकाना म्हणून टाकू नये. त्यांच्यावर आधीच फार लादलेलं आहे. नावाआधी कोणती उपाधी लावायची या वादात आपली बरीच ताकद खर्च होते. मला ती ताकद या मागणीमागे लागलेली हवी आहे.

महाविद्यालयांच्या प्राचार्यांना विनंती आहे की इंटर्नशिपमधलं समाजातलं काम बॅनर आणि फोटोपुरतं ठेवू नका. एक तालुका घ्या, तोच तालुका पाच वर्षं सांभाळा, किती पाय तपासले, किती जण पडले, किती बायकांची लघवीची तक्रार कमी झाली, याच्या नोंदी ठेवा. सरकारकडे जाताना हातात तेच कागद हवेत.

फडाकडे निघणाऱ्या गावांत शिबिरं घ्यायची असतील तर ती दसऱ्याच्या आधीच घ्यावी लागतील. सभागृहाच्या दाराशी एक टेबल मांडलं आहे. तिथल्या वहीत आपलं नाव, फोन नंबर आणि तुम्ही कोणत्या तालुक्यात दोन दिवस जाऊ शकाल ते लिहा. मुलींनी जरूर लिहावं, कारण ओटीपोटाचे व्यायाम शिकवायला बायकाच लागतील. दुपारच्या सत्राआधी आपण त्या वहीवरून तालुके वाटून घेऊ.